तळहाताची खाज

ड्रिप निम्म्यावर आली होती. डे-केअरच्या खुर्चीत रेलून मावशी भिंतीवरच्या टीव्हीत कुठलीतरी मालिका आवाजाविना बघत होती आणि मध्येच तळहात खाजवू लागली. "बाये, हाताक खाज येता गो. पयशे मेळटले दिसता." उजव्या हाताला खाज सुटली की पैसे येतात आणि डाव्याला सुटली की जातात, असं आमच्याकडे मानतात. पाठोपाठ डावा तळहातही खाजू लागला. दोन्ही हातांना एकदम सुटली तर हिशेब कसा मांडायचा, हे जुनी माणसं काही सांगून गेलेली नाहीत.

सिस्टरने तो हिशेब लगेच मांडला. तिने मावशीचे तळहात उलटे करून पाहिले, मानेकडे नजर टाकली आणि काही विचारायच्या आत औषधाची नळी बंद केली. तोवर मानेवर, छातीवर गांधी उठायला लागल्या होत्या. चेहरा लाल झाला, आवाज घोगरा झाला. "म्हाका कशेंशेंच जाता," एवढंच मावशी म्हणाली. बीपी घसरलं. मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, नाकाशी ऑक्सिजन, सलाईन भराभर, मागाहून एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन. पाय उशांवर उंच ठेवलेले. त्याही अवस्थेत मावशीला बाथरूमला जायचं होतं आणि सिस्टर तिला उठून बसूसुद्धा देत नव्हती. या धावपळीतच डॉक्टरांनी एका छोट्या नळीत रक्त काढून घेतलं. मावशीचा मुलगा, आमचा दादा, तेवढ्यावरून भडकला: माणूस इथे असा पडलाय आणि यांना तपासण्या सुचतायत!

तासाभरात सगळं ओसरलं. फाइलीवर लाल शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, कार्बोप्लाटिनची ॲलर्जी. कार्बोप्लाटिन म्हणजे त्या ड्रिपमधलं केमोचं औषध.

गोव्यात माशेलला घरी पोचेपर्यंत कारणं ठरूनही गेली होती. आदल्या दिवशी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण खाल्लं होतं. शेजारीण येऊन "किती बरी दिसतेस गो" म्हणून गेली होती. इस्पितळातल्या कँटीनचा चहा. वहिनीने सोलं पाण्यात भिजत घातली आणि मावशीच्या हातांवर उरलेल्या चट्ट्यांना ते पाणी लावलं. अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात, थंड वाटतं, आणि मी काही बोलले नाही. मला खटकत होतं ते वेगळंच. घरातला प्रत्येक जण 'त्या दिवशी नवं काय घडलं' हे शोधत होता. हा प्रश्न तसा शहाणपणाचा आहे, एरवी तोच विचारावा. पण त्या बाटलीत नवं काहीच नव्हतं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अडीचेक वर्षांपूर्वी मावशीने याच औषधाच्या सहा सायकल, म्हणजे सहा ठरावीक खेपा, पूर्ण केल्या होत्या. आजार उलटला म्हणून पुन्हा सुरू केलं, त्यातला पहिला डोसही सुरळीत गेला होता. त्रास झाला तो दुसऱ्याला.

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकात ॲलर्जीला एक परिच्छेद मिळाला आहे. परागकण, धूळ, आयजीई नावाची प्रतिपिंडं, मास्ट पेशींतून सुटणारं हिस्टामिन, आणि उपाय म्हणून अँटिहिस्टामिन, ॲड्रिनलिन, स्टिरॉइड. मुलं तो पाठ करतात आणि दोन गुण घेऊन पुढे जातात. त्यात चूक काही नाही. पण त्या परिच्छेदाबाहेर केवढं उरतं, ते मला मावशीच्या फाइलीमुळे कळलं. कारण त्या फाइलीत रिॲक्शनची नोंद आधीही एक होती. पहिल्या खेपेला, पहिल्याच दिवशी, पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध सुरू झाल्यावर काही मिनिटांतच तिचा चेहरा लाल झाला होता आणि कंबर-पाठ भयंकर दुखली होती. तेव्हा ड्रिप थांबवली, अर्ध्या तासाने धीम्या गतीने पुन्हा चालू केली आणि सगळं पार पडलं. पुढच्या पाचही सायकलींत काही झालं नाही. घरात या दोन्ही घटनांना एकच नाव आहे, 'मावशीला ॲलर्जी आली'. बाहेरून दिसायलाही दोन्ही सारख्याच. शरीराच्या आत मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या असाव्यात, आणि पुढे काय करायचं ते त्या वाटेवर ठरतं.

दोन्ही वाटा येऊन मिळतात त्या मास्ट पेशीपाशी. १८७८ साली पाउल एर्लिख या चोवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याला ॲनिलीन रंगांनी ऊती रंगवताना कणांनी गच्च भरलेल्या काही पेशी दिसल्या. त्याने आपल्या प्रबंधात त्यांची नोंद केली. खाऊनपिऊन गब्बर झालेल्या पेशी असाव्यात, असा त्याचा समज होता. रसायनाने रोगावर नेम धरता येईल ही कल्पना आयुष्यभर लावून धरून तिला केमोथेरपी म्हणणारा माणूसही हाच. मास्ट पेशी आणि केमोथेरपी ही एकाच माणसाच्या कारकिर्दीची दोन टोकं मावशीच्या खुर्चीत एकत्र आली होती, आणि तिसऱ्या सायकलीचं काय या काळजीत असूनही मला त्याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.

या पेशी रक्तात फिरत नाहीत. बाहेरचं जग शरीराला जिथे भिडतं तिथे त्या ठाण मांडून असतात: त्वचेखाली, श्वासनलिकेच्या नि आतड्याच्या अस्तरात, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने. त्यांच्या कणांत हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज असा साठा तयार असतो. इशारा मिळाला की तो काही क्षणांत बाहेर पडतो, आणि पाठोपाठ ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन ही नवी रसायनं ताजी बनवली जातात. हिस्टामिन त्वचेतल्या मज्जातंतूंना चेतवतं, ती खाज. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तो लालपणा. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फटींतून रक्तातला द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो, त्या गांधी. तोच द्रव घशाशी साठला की आवाज घोगरा होतो. श्वासनलिकेचे स्नायू आवळले की धाप लागते. हे सगळ्या अंगभर एकदम झालं तर रक्तवाहिन्यांतला सुमारे ३५ टक्के द्रव दहा मिनिटांत बाहेर जाऊ शकतो. रक्त कुठे सांडलेलं दिसत नाही, पण हृदयाला ढकलायला पुरेसं रक्त परत येत नाही. अशा वेळी माणूस झटकन उठून बसला किंवा उभा राहिला तर हृदय रिकामंच आकसतं आणि जीव जाऊ शकतो. सिस्टर मावशीला बाथरूमला का सोडत नव्हती, ते यावरून कळावं. ॲड्रिनलिन आधी आणि एव्हिल मागाहून का, त्याचंही कारण यातच आहे. अँटिहिस्टामिन खाज थांबवील, पण सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळणं, श्वासनलिका मोकळी करणं आणि मास्ट पेशींना आवर घालणं ही तिन्ही कामं ॲड्रिनलिन एकटं करतं. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला तर तास लागतात.

आता मुख्य प्रश्न. सात वेळा निमूट सोसलेलं औषध आठव्या वेळी शरीराने का झिडकारावं?

याचं उत्तर समुद्रावर सुरू झालं. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यांवर निळे-जांभळे फुगे वाहून येतात, खाली लांबच लांब धागे. त्यांना हात लावू नका, असं जीवरक्षक ओरडून सांगत असतात. हा फायसेलिया. इंग्रजीत त्याला पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात आणि गोव्यातल्या वर्गात हे नाव उच्चारलं की हशा ठरलेला. १९०१च्या उन्हाळ्यात मोनाकोच्या राजपुत्राच्या जहाजावर पोल पोर्तिये आणि शार्ल रिशे हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ त्याच्या विषावर काम करत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं (सी ॲनिमोनचं) विष घेतलं. कुत्र्यांना थोडंथोडं टोचून विषाची सवय लावता येईल, असा त्यांचा अंदाज होता. नेप्च्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने आधीचं विष पचवलं. तीनेक आठवड्यांनी त्याला पुन्हा अगदी थोडा डोस दिला आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. सवय होण्याऐवजी ओळखच जिवावर बेतली. ॲनाफायलॅक्सिसचा अभ्यास तिथून सुरू झाला आणि १९१३चं नोबेल पारितोषिक रिशेला मिळालं. पण नेप्च्यूनच्या शरीरात त्या तीन आठवड्यांत नेमकं काय तयार झालं होतं, ते कळायला साठच्या दशकाची अखेर उजाडावी लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या संशोधकांनी आयजीई शोधून काढलं.

आयजीई रक्तात फार काळ टिकत नाही, दोनेक दिवसांत निम्मं होतं. पण मास्ट पेशीच्या अंगावर जाऊन बसलं की आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. नुसतं बसल्याने काही बिघडत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, तसं शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी धरणारं काहीतरी यावं लागतं. ते आलं की ती दोन आयजीई ज्यांवर बसलेली असतात ते पेशीवरचे दोन्ही ग्राहक (रिसेप्टर) जवळ ओढले जातात, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि कण बाहेर फेकले जातात. आता कार्बोप्लाटिनचा रेणू इतका छोटा की प्रतिकारशक्तीच्या एरवी तो खिजगणतीतही नसतो. पण त्यातल्या प्लॅटिनमला प्रथिनांना चिकटायची खोड आहे. डीएनएला चिकटून तो कॅन्सरची पेशी मारतो ती त्याच गुणामुळे, आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून परक्याचं रूप घेतो तेही त्याच गुणामुळे. हा माणसाला औषधाच्या कितीतरी आधी माहीत झालेला उपद्रव आहे. १९११ साली शिकागोच्या फोटो स्टुडिओंत प्लॅटिनमचे क्षार लावलेला कागद हाताळणाऱ्या कामगारांना शिंका, दमा आणि त्वचेचे विकार होत असल्याची नोंद झाली होती. पुढे १९४५मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅटिनम शुद्धीकरणाच्या कारखान्यांतूनही तेच समोर आलं. तिथेही नव्या कामगाराला पहिल्या दिवशी काही होत नसे. महिने-वर्षं काम केल्यावर छाती घरघरायला लागे.

मावशीचं तसंच झालं. पहिल्या सहा सायकलींत ओळख पटली, थोडी प्रतिपिंडं तयार झाली, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींनी आठवण जपली. मधली अडीच वर्षं ती आठवण गप्प होती. पुन्हा सुरू झालेल्या पहिल्या डोसाने तिला जागं केलं, त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत आयजीई भराभर बनलं आणि दुसरा डोस आला तेव्हा मास्ट पेशी तयारीत होत्या. डॉक्टरांना या वेळेचं काही आश्चर्य वाटलं नाही. १९९९च्या एका अमेरिकी अभ्यासात सातहून अधिक सायकल झालेल्या बायकांपैकी २७ टक्क्यांना कार्बोप्लाटिनची रिॲक्शन आली होती, आणि आठवी सायकल ही त्यांच्या क्षेत्रात ओळखीची जागा आहे. घरच्यांना मात्र हे कोणी आधी सांगत नाही. सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. पहिल्या केमोला आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. आठव्या वेळी दादा खाली गाडी लावून फोनवर बोलत होता.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "टीचर, केमोने तर पांढऱ्या पेशी कमी होतात, मग ॲलर्जी करायला एवढी शक्ती कुठून येते?" परीक्षेत कधी न येणारा आणि म्हणूनच चांगला प्रश्न. केमो मारते ती भराभर विभागणाऱ्या पेशींना. अस्थिमज्जेतून रोज नव्या निघणाऱ्या पेशी घटतात, केस गळतात, तोंड येतं ते त्याचमुळे. मास्ट पेशी ऊतींत वस्तीला असतात, महिनोन्‌महिने जगतात आणि क्वचितच विभागतात. त्यांना या मोहिमेची झळ फारशी लागत नाही.

पॅक्लिटॅक्सेलची कथा निराळी आहे आणि तिच्यात एक खानदेशी माणूस आहे. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून एमएस्सी करून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल संस्थेत मनरो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून गोळा केलेल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून या दोघांनी हा रेणू वेगळा काढला आणि १९७१मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्यही याच जोडीने १९६६मध्ये शोधलं होतं. ते पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडलं आणि त्या झाडावर कुऱ्हाडी चालल्या, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. वाणींचं २०२०मध्ये निधन झालं. शाळेच्या भिंतींवर लावलेल्या शास्त्रज्ञांच्या तसबिरींत मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

तर, पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. शिरेत द्यायचं तर त्याला कशात तरी मुरवायला हवं. म्हणून निवडलं गेलं क्रेमोफोर ईएल आणि अल्कोहोल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण. क्रेमोफोर हे एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेलं द्रव्य. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "एरंडेल? आजयेचें तें तेल?" लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते. अल्कोहोलचं मात्र मी तिला सांगितलेलं नाही. मावशीच्या अंगकाठीच्या बाईला लागणाऱ्या डोसात वीसेक मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल जातं. चाळीसेक टक्क्यांच्या फेणीचा जवळजवळ एक मोठा पेगच म्हणा ना, आणि काजूच्या हंगामात भट्टीच्या वाटेने जायचं टाळणारी बाई ती!

१९८०च्या दशकात माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा या औषधाने इतक्या जणांना गंभीर रिॲक्शन आल्या की ते बासनात गुंडाळलं जाण्याची वेळ आली होती. लोक पहिल्या किंवा दुसऱ्याच डोसाला, पहिल्या दहा मिनिटांत कोसळत होते. इथे ओळख व्हायला वेळच मिळालेला नव्हता, म्हणजे आयजीईची आठवण हे कारण सगळ्यांना लागू पडणं कठीण. संशय विरघळवणाऱ्या तेलावर गेला. क्रेमोफोरचे सूक्ष्म गोळे रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनसाखळीला चालना देतात. ही साखळी एरवी जंतूंचा समाचार घेण्यासाठी असते. तिच्यातून सी३ए, सी५ए असे तुकडे सुटतात आणि ते आयजीईची वाट न बघता थेट मास्ट पेशींना कण सोडायला लावतात. पुढचं नाटक तेच, पडदा उघडणारा वेगळा. हा प्रकार वेगावर पुष्कळसा अवलंबून असल्याने थांबवून, हळू करून पुन्हा दिलं की बहुतेकांना चालतं. मावशीच्या पहिल्या दिवशी झालं ते हेच असणार. अर्थात सगळं तेलाच्या माथी मारूनही भागत नाही. काही रुग्णांत टॅक्सेनविरुद्ध (पॅक्लिटॅक्सेल ज्या कुळातलं त्या औषधांविरुद्ध) त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणजे त्यांच्यात आयजीईचीच वाट असते.

औषध वाचलं ते दोन गोष्टींमुळे: ड्रिपचा वेग कमी केला आणि आधी स्टिरॉइड, अँटिहिस्टामिन देण्याची पद्धत बसवली. १९९२मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्या आधी घ्यायच्या गोळ्यांनी, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने, मावशीच्या पहिल्या खेपेला आम्हाला चांगलंच जागवलं होतं. केमोच्या आदल्या रात्री आणि पहाटे घ्यायच्या त्या गोळ्या झोप उडवतात. मावशी मध्यरात्री उठून स्वयंपाकघरातले डबे घासायला काढायची. पुढे २००५मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनात बांधलेलं, एरंडेलमुक्त पॅक्लिटॅक्सेल आलं. ते महाग आहे, आणि फाइलीवर नुसतं 'पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी' लिहिलं गेलं तर हा पर्याय कोणाच्या लक्षातही येणार नाही.

बाकीच्या वाटांवर मी फार रेंगाळणार नाही. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसाला हुडहुडी भरून ताप येतो तो मुख्यतः मरणाऱ्या बी पेशी आणि इतर पेशींतून एकदम सुटलेल्या सायटोकाइन या दाह पेटवणाऱ्या रसायनांमुळे. कॅन्सर जितका पसरलेला तितकं वादळ मोठं, आणि दुसऱ्या डोसाला बहुधा कमी. ऑक्झालिप्लाटिन तर कधी आयजीईच्या वाटेने जातं, कधी सायटोकाइनच्या. लहान मुलांच्या ल्युकेमियात वापरलं जाणारं ॲस्पॅराजिनेज हे जिवाणूपासून मिळवलेलं अख्खं प्रथिनच असल्यामुळे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणार हे उघड आहे. त्यात वाईट असं की काही मुलांत बाहेर एक चट्टाही उठत नाही आणि आतल्या आत औषध निकामी होत राहतं.

सेटुक्सिमॅबबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण आमच्या सत्तरी तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना ते ऐकायला आवडतं. हे प्रतिपिंडरूपी औषध अमेरिकेत वापरात आल्यावर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात २२ टक्के रुग्णांना पहिल्याच डोसाला गंभीर रिॲक्शन आल्या, ईशान्येकडच्या राज्यांत मात्र अगदी तुरळक. एकाच देशात, एकाच औषधाचं असं का? २००८मध्ये उलगडा झाला. उंदराच्या पेशींत बनणाऱ्या या औषधावर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात ती नसते, गाय-डुक्कर-बकऱ्यांत असते. त्या दक्षिणेकडच्या रुग्णांच्या रक्तात या साखरेविरुद्धचं आयजीई औषध घेण्याआधीपासूनच होतं. ते आलं कुठून, तर तिथल्या रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून. त्यातल्या काहींना मटण-बीफ खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठायच्या. २०१५च्या सुमारास सत्तरीत गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडताप आल्यापासून तिथल्या पोरांना गोचीड हा विषय शिकवावा लागत नाही. आपली गोचीड वेगळी, तो आजारही विषाणूचा, दोहोंचा संबंध नाही, हे मी दर वेळी बजावते. पण रानातला एक चावा आणि इस्पितळातली एक बाटली यांच्यात असा धागा असू शकतो, हे ऐकल्यावर शेवटच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवतात.

दादाला राग आला होता ती रक्ताची नळी ट्रिप्टेजसाठी होती. हिस्टामिन काही मिनिटांत नाहीसं होतं. ट्रिप्टेज मात्र काही तास रक्तात राहतं, म्हणून ते पाहायचं तर धामधुमीतच, पहिल्या दोनेक तासांत रक्त घ्यावं लागतं. नंतर बऱ्या अवस्थेत पुन्हा मोजतात. रिॲक्शनच्या वेळचा आकडा मूळ पातळीच्या १.२ पटीत २ मिळवून येणाऱ्या आकड्याहून जास्त निघाला, तर मास्ट पेशी खरोखरच फुटल्या होत्या असं धरतात. मावशीचा निघाला. काही आठवड्यांनी हातावर कार्बोप्लाटिनची त्वचा-चाचणी केली, तिथे डासाच्या चाव्याएवढी गांध उठली. दोन्ही साक्षी जुळल्या. सुंगटं निर्दोष सुटली.

पुढे काय, हा प्रश्न होताच. प्लॅटिनमवर तिचा कॅन्सर हटत होता आणि ते सोडायला डॉक्टर तयार नव्हते. सिस्प्लाटिनवर जाता आलं असतं, पण तिथेही प्लॅटिनमच, आयजीईने ओळखण्याची भीती उरतेच. त्यांनी डिसेन्सिटायझेशन सुचवलं, म्हणजे तेच औषध अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत देणं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स इस्पितळात मारियाना कास्तेल्स यांच्या गटाने ही पद्धत बसवली आणि २००८मध्ये अशा ४१३ खेपांचा अहवाल दिला. ९४ टक्के खेपांत काहीच झालं नाही किंवा किरकोळ त्रास झाला, आणि कोणी दगावलं नाही. दादाचा पहिला प्रतिसाद साहजिक होता. ज्याने जीव जाता जाता राहिला तेच पुन्हा द्यायचं? वरवर पाहता रिशेने नेप्च्यूनला दिलं तेच करायचं? पण नेप्च्यूनला तीन आठवड्यांनी एकदम टोचलं होतं. इथे वेळ आणि मात्रा यांचं गणित घट्ट बांधलेलं असतं.

तीन पिशव्या लागतात. एकीत औषध शंभरपट विरळ, दुसरीत दहापट, तिसरीत नेहमीचं. एकूण बारा पायऱ्या, दर पंधरा मिनिटांनी वेग वाढवत न्यायचा. ५०० मिलिग्रॅमचा डोस धरला तर पहिल्या पायरीत जेमतेम ०.०१ मिलिग्रॅम अंगात जातं, पन्नास हजारांतला एक भाग. शेवटची पायरी एकटीच जवळजवळ तीन तास चालते आणि बहुतेक सगळं औषध त्याच पायरीत जातं. उंदरांच्या मास्ट पेशींवरच्या प्रयोगांत दिसतं ते असं: इतक्या कमी मात्रेने सुरुवात केली की आयजीई नि ग्राहक यांच्या जोड्या पेशीच्या पृष्ठभागावरच राहतात, त्या नेहमीसारख्या आत ओढल्या जात नाहीत, कॅल्शियमचा लोंढा येत नाही आणि कण जागच्या जागी राहतात. मग पुढची मोठी मात्राही तेच ग्राहक मुकाट स्वीकारतात. आयजीई कुठे गेलेलं नसतं. ॲलर्जी बरी झालेली नसते.

पहिल्या डिसेन्सिटायझेशनला सिस्टर मावशीच्या शेजारी स्टूल घेऊन बसली होती, ॲड्रिनलिन भरलेल्या सिरिंजसह. दर पायरीला बीपी, नाडी, तळहात. पहिल्या दोन पिशव्या कंटाळवाण्या गेल्या, आणि त्या तशाच जाव्यात हीच सगळ्यांची इच्छा होती. शेवटच्या पिशवीत, जिथे अशा रिॲक्शन बहुतेकदा येतात तिथेच, तळहात थोडे खाजले. पण या वेळी पैशांचा विषय मावशीने काढला नाही, सरळ हात पुढे केला. ड्रिप थांबवली, एव्हिल दिलं, पाऊण तासाने त्याच पायरीवरून पुढे नेलं. संध्याकाळी पूर्ण डोस अंगात गेलेला होता. फाइलीवरच्या लाल ओळीखाली डॉक्टरांनी आणखी मजकूर लिहिला: कितव्या सायकलीला, किती औषध गेल्यावर, कोणती लक्षणं, ट्रिप्टेज किती, त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह, बारा पायऱ्यांनी पूर्ण डोस सोसला. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि दादाला, वहिनीला पाठवला. प्रत्येक घरात असा फोटो असावा, कारण मध्यरात्री भलत्याच इस्पितळात जायची वेळ आली तर फाइल कपाटातच राहते.

ही मुभा टिकते ती औषध रक्तात असेपर्यंत आणि वर थोडाच काळ. पुढच्या सायकलीपर्यंत मास्ट पेशी पुन्हा पहिल्यासारख्या सज्ज होतात. मग परत तीच पहिली पिशवी, तोच पन्नास हजारावा भाग, तेच सहा तास. मावशीची पुढची तारीख नेमकी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी आली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, पातोळ्या करायच्या, मुंबईहून माणसं यायची. तिने दादाला मध्ये न घेता स्वतःच डॉक्टरांना विचारलं की चार दिवस पुढे ढकललं तर शरीर शिकलेलं विसरणार नाही ना. डॉक्टर म्हणाले, ते तीन आठवड्यांतही विसरतं आणि चार आठवड्यांतही, आम्ही दर वेळी पहिल्या पायरीपासूनच सुरू करतो. कॅन्सरच्या दृष्टीनेही एवढ्या दिवसांनी फरक पडत नव्हता. त्यांनी रिसेप्शनवर फोन करून तारीख बदलून दिली, आणि सकाळी आठला यायला सांगितलं, कारण तीन पिशव्यांना दिवस पुरत नाही.